पूजेला बसलेला झेड ड्राइव्ह

१

दसऱ्याच्या सकाळी भिसेगावातल्या ‘संगम फोटो स्टुडिओ’चं शटर वर गेलं, तेव्हा आत सगळं जागच्या जागी होतं. पुढे आबाजी मसण्यांनी ज्याला त्याला हेच पहिल्यांदा सांगितलं, आणि ज्याला त्याला वाटलं की म्हातारा काहीच सांगत नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडायची आणि दसऱ्याला ती उचलेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हा स्टुडिओचा पहिल्यापासूनचा शिरस्ता. कॅमेरे, दिवे, ट्रायपॉड ओळीने उभे होते. कीबोर्डवर अक्षतांची रास, तिच्यावर सुपारी. माऊसची वायर काढून त्याला तबकात बसवलेलं, पाठीवर हळदीकुंकवाची बोटं, भोवती झेंडूचा वेढा. एवढा मान त्याला वर्षातून एकदाच मिळे. संगणक मात्र चालू होता आणि पडद्यावर देवी होती. बंद मशिनची पूजा करणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या पाया पडणं, असं राजेश भोईरचं मत होतं. राजेश स्टुडिओचा अर्धा मालक असला तरी मतं पूर्ण मालकाची बाळगून होता.

उरलेला अर्धा मालक झहीर बुबेरे. दोघांनी मिळून दुकान काढलं तेव्हा फोटो धुवावे लागत. आता ते धुवावे लागत नाहीत, नुसते गोरे करावे लागतात, आणि ते काम कामरान नावाचा एडिटिंगवाला करतो.

त्या सकाळी पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर चंद्राबाई येऊन बसल्या होत्या. खालापूरकडच्या आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणणारी धवलारीण म्हणून त्यांचा दबदबा असा, की धवले झाल्याशिवाय हळद अंगाला लागली असं घरचे मानत नसत. मधे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. उरला तो नुसता खरखराट. पण ऑपरेशनच्या कितीतरी आधी झहीरने त्यांच्या अंगणात बसून सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवले होते, का म्हणून विचारलं तर खांदे उडवले होते. आता तुळशीचं लग्न झालं की नात रियाचं लग्न होतं, आणि नातीला दुसरीचे धवले चालणार नाहीत असा चंद्राबाईंनी निकाल दिला होता.

“माझा आवाज द्या रं काढून,” त्या म्हणाल्या. “पेनात भरून देतात ना, तसा.”

राजेशने पूजा उचलली. अक्षता वाटीत भरल्या, माऊसला वायर जोडली. कामरानने झेड ड्राइव्ह उघडला.

संगणकात सी आणि डी हे दोन कप्पे पहिल्यापासून होते. झेड हा तिसरा, अलीकडे आलेला आणि सर्वांत मोठा. स्टुडिओने आजवर काढलेली सगळी लग्नं, बारशी आणि साखरपुडे त्यात नेऊन ठेवले होते. झेड क्लाऊडवर आहे असं सगळे म्हणत. क्लाऊड कुठे आहे असं कुणी विचारत नसे.

कामरानने वरपासून खालपर्यंत पाहिलं, खालपासून वरपर्यंत पाहिलं. धवल्यांचा फोल्डर नव्हता. त्याच्या आजूबाजूची कितीतरी लग्नंही नव्हती.

“काल तर लावले होते,” तो म्हणाला. “पूजेच्या आधी. तुम्ही सगळ्यांनी ऐकले.”

ऐकले होते. पूजेला मंगल काहीतरी हवं म्हणून त्याने तेच धवले लावले होते, आणि सगळे हात जोडून उभे होते. त्यानंतर कीबोर्डवर अक्षता पडल्या त्या आत्ता उचलल्या. मधल्या वेळात कुलपात आणि पूजेत असलेल्या संगणकातून कुणीतरी लग्नं नेली होती.

२

कुणी नेली हे राजेशने दुपारच्या जेवणाआधी ठरवून टाकलं.

किल्ल्या दोन. एक त्याची, ती खोपोलीला त्याच्या घरी गेली. दुसरी झहीरची, आणि झहीरने खंडेनवमीच्या संध्याकाळी दुकान उघडलं होतं. एका बारशाची ऑर्डर करून आलो, कॅमेरा चार्जिंगला लावला आणि निघालो, असं तो सांगत होता. तो कॅमेरा पूजेत मांडलेलाच नव्हता, ऑर्डर आहे म्हणून आधीच बाहेर ठेवला होता. पण राजेशला आता त्यातही बेत दिसू लागला. वर त्याच्या कानावर आलं होतं की झहीरने खोपोलीत एक गाळा पाहून ठेवलाय. राजेशने दोन गोष्टी जोडल्या. दोन गोष्टी जोडायला पुरावा लागत नाही, नुसता राग लागतो.

संध्याकाळी त्याने सगळ्या आळीला आपट्याची पानं वाटली. झहीर हात पुढे करून उभा होता. राजेश त्याच्या पुढच्याला देऊन मागच्याकडे वळला. बोलला काहीच नाही, त्यामुळे रात्रीपर्यंत ते सगळ्या भिसेगावला नीट ऐकू गेलं.

झहीर आबाजींच्या दारात आला तो दुसऱ्या दिवशी.

आबाजींचं आयुष्य एका विमा कंपनीत दावे तपासण्यात गेलं होतं. पोटापाण्यासाठी लोकांवर अविश्वास ठेवायचा, ही नोकरी त्यांनी इतक्या प्रेमाने केली की निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. रोज सकाळी ते संगम स्टुडिओत पंख्याखाली बसून पेपर वाचत आणि पेपरवरही विश्वास ठेवत नसत. दोन्ही मालकांना ते सारखेच जवळचे होते, म्हणजे दोघांवर त्यांचा सारखाच संशय होता.

झहीरने चहा नको म्हटलं आणि मग प्यायला. गाळ्याचं खरं आहे, त्याने सांगितलं. इतकी वर्षं झाली, राजेशच्या मतांखाली आता वाकायला होतं, स्वतःचं काहीतरी करावं. दसरा झाला की समोर बसून त्याला सांगणार होता.

“आता कसा जाऊ, आबाजी? आज निघालो तर चोर पळाला म्हणतील. नाही निघालो तर तो रोज तोंड फिरवणार. मला जायचंच आहे हो. पण चोर म्हणून नाही जायचं.”

“आणि चोर सापडलाच नाही तर?”

“मग इथंच म्हातारा होईन,” झहीर म्हणाला. “याच्या शेजारी.”

आबाजींनी आयुष्यात खूप शिक्षा ऐकल्या होत्या. ही त्यांना जास्त वाटली. त्यांनी चष्मा पुसला आणि छत्री घेतली. पाऊस नव्हता, पण छत्री हातात असली की लोक खरं बोलतात असा त्यांचा अनुभव होता.

राजेशने तपासाला हरकत घेतली नाही. निकाल लागलेलाच आहे, तपास हवा तर करा, अशी त्याची उदार भूमिका होती.

“पूजेला हात लावायची आमच्यात कुणाची छाती होणार नाही, आबाजी. तुम्हीच सांगा.”

“अक्षता हलल्या होत्या?”

“नाही. होत्या तशाच.”

“सुपारी?”

“जागेवर.”

“माऊस?”

“तबकात.”

“म्हणजे कुणीच हात लावला नाही. मग छातीचा प्रश्न येतो कुठे?”

राजेशने ‘बरं’ म्हटलं. पण बरं म्हणणाऱ्या माणसाला पटलेलं असतंच असं नाही, आणि राजेशला तर नव्हतंच.

३

आबाजींनी कामरानपासून सुरुवात केली.

कामरानला मुंबईला जायचं होतं. एका मोठ्या कंपनीने त्याला आधीच्या कामाचे नमुने पाठवायला सांगितले होते. मालकांवर राग आहे का, या प्रश्नावर तो म्हणाला की पगार देणाऱ्यावर थोडा असतोच. पण त्याचे उत्तम नमुने म्हणजे जुनी लग्नं, आणि तीच नाहीशी झाली होती. एका नवरीच्या डोळ्यातलं पाणी त्याने असं काही टिपलं होतं, की ती खरं तर धुरामुळे रडत होती हे तिची आईसुद्धा विसरली. ते गेलं म्हणून तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. आबाजींनी त्याच्या डब्यात डोकावून पाहिलं. डबा भरलेला होता.

दुसरा रुद्र. बाजारात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, आणि झेड ड्राइव्ह बसवला तो त्यानेच. रुद्रकडे कारण भक्कम होतं. उन्हाळ्यात त्याचा साखरपुडा झाला आणि श्रावणाआधी मोडला. संगम स्टुडिओने मात्र त्या साखरपुड्याचा भलामोठा फोटो दर्शनी काचेत लावला होता आणि काढायचं विसरून गेले होते. रोज दुकानाला जाता येता रुद्र स्वतःला अंगठी घालताना बघे. त्यावरून राजेशचं आणि त्याचं चांगलंच वाजलं, आणि तेव्हापासून झेडचं काही बिघडलं तरी संगमवाले त्याला बोलवत नव्हते. तरी प्रसादासाठी तो पूजेला आला होता, कारण भांडण राजेशशी होतं, प्रसादाशी नव्हतं.

“धवले ऐकलेस का त्या दिवशी?” आबाजींनी विचारलं.

ऐकले, तो म्हणाला. आजीने जीव ओतला होता, म्हणाला.

“मग कुलपातून ते गेले कसे?”

रुद्रने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. दोन दिवस या प्रश्नाची वाट बघत असावा, तसा तो हसला.

“काका, कुलूप कशाला लागलं होतं?”

“दुकानाला.”

“झेड दुकानात नाहीच.”

आबाजींनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

“तुमी खोपोलीला मोठे पाइप बघितलेत ना, घाटातनं खाली येतात ते? पाणी वर तलावात. खाली कारखाने चालतात, दिवे लागतात. पण खाली पाणी साठवलेलं हाय का? नाय. झेड तसा हाय. माल सगळा कंपनीच्या मोठ्या संगणकांवर, कुठं परदेशात असंल. इथं नुसता पाइप. पण मी तो असा जोडून दिला की सी, डीच्या शेजारी तिसरा कप्पा दिसावा. राजेशभाऊंना डोळ्यांना कप्पा दिसल्याशिवाय पटत नाय. मग त्यांना वाटलं डब्यातच हाय. सगळ्यांना तसंच वाटलं.”

“म्हणजे पूजा केली ती...”

“पाइपच्या तोंडाची,” रुद्र म्हणाला. “मशिन चालू होतं, पाइप चालू होता. वरनं माल गेला की इथं दिसायचा बंद. अक्षता कशाला हलतील?”

आबाजींनी विचारायचा तो एकच प्रश्न विचारला. असे पाइप किती?

“दोन,” रुद्र म्हणाला. “एक दुकानात. दुसरा राजेशभाऊंनी स्वतःच घालून घेतला हो माझ्याकडनं.” आणि तो पुन्हा स्क्रू ड्रायव्हर शोधू लागला. “त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर.”

४

गोदाम जळालं की मालक काय काय जळालं ते पाठ म्हणून दाखवतो. काय जळालं नाही असं विचारलं की घसा खाकरतो. आबाजींनी नोकरीत हा दुसरा प्रश्न विचारूनच नाव कमावलं होतं, आणि थोडे शत्रू.

संध्याकाळी त्यांनी कामरानला झेड उघडायला लावला आणि काय राहिलंय ते मोठ्याने वाचायला सांगितलं. राजेश काउंटरवर कोपरं टेकून ऐकत होता. झहीर दाराशी उभा होता, आत न येता आणि बाहेर न जाता.

कामरान वाचू लागला. यंदाची सगळी लग्नं होती. अजून द्यायचे राहिलेले अल्बमही होते. नवरात्रातलं शूटिंग होतं. रुद्रचा साखरपुडा होता, पूर्ण, नाचासकट.

“थांब,” आबाजी म्हणाले. “रुद्रचा साखरपुडा आहे?”

“आहे की.”

रुद्रने वरचा माल काढला असता, तर सर्वांत आधी काय काढलं असतं हे सांगायला विमा कंपनी लागत नव्हती. रुद्र सुटला. कामरानचे लाडके नमुने गेले होते, म्हणून कामरानही सुटला. आणि दुकानाला खड्ड्यात घालायचं असेल तर माणूस द्यायची राहिलेली कामं उडवेल. कुणीही मागायला येणार नाही अशी जुनी लग्नं कशाला उडवेल? शिवाय स्वतः अंगणात बसून रेकॉर्ड केलेले धवले? आबाजींनी हे सगळं शांतपणे सांगितलं आणि दाराकडे पाहिलं नाही.

“मग केलं कुणी?” राजेशने विचारलं. आवाज आता थोडा खाली आला होता.

“ज्याला नुकसान करायचंच नव्हतं त्याने. बघ ना. गेलं ते सगळं जुनं. गेल्या दसऱ्यानंतर ज्याला कुणी हात लावला नाही तेवढंच गेलं. राग आलेला माणूस असं निवडून काढत नाही. असं निवडून साफसफाई करणारा माणूस काढतो.”

“पण धवले जुने कसे? आदल्याच दिवशी लावले होते,” कामरान म्हणाला.

“तेच. लावल्याने त्यांच्यापुढची तारीख बदलते का?”

कामरानने विचार केला. नाही, म्हणाला. नुसतं ऐकून बदलत नाही, त्यात काही फेरफार केला तरच बदलते.

“मग ज्याने काढले त्याने तारीख बघून काढले. पूजेत धवले वाजले हे त्याला माहीतच नव्हतं. मी ऐकले, तू ऐकलेस, राजेशने, झहीरने, रुद्रने ऐकले. म्हणजे आपल्यापैकी कुणी नाही. माणूस त्या दिवशी इथे नव्हता.”

दारातला झहीर एक पाऊल आत आला. त्याचं त्यालाही कळलं नसावं.

“वाच पुढे,” आबाजी म्हणाले. “जुनं एकही राहिलं नाही?”

कामरान खाली खाली गेला. मग थांबला. एकदा राजेशकडे बघितलं, एकदा पडद्याकडे.

“एक राहिलंय, काका. लई जुनं. ‘राजेश-रुचिता शुभविवाह’.”

आबाजींनी छत्री उचलली आणि खोपोलीची सकाळची गाडी किती वाजता आहे ते राजेशला विचारलं. राजेशने ते सांगितलं, पण उत्तर देताना तो आबाजींकडे बघत नव्हता.

५

रुचिता साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. स्टोअर म्हणजे कारखान्याचं सगळं सामान ज्या खोलीत असतं ती, आणि ते सांभाळणं म्हणजे कुठलाही खिळा कुठे आहे हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगणं. तिच्या खोपोलीच्या घरात शिरल्यावर आबाजींनी नकळत पाय पुसले. मग पुन्हा पुसले. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं होती. मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ लिहिलेलं होतं आणि आत मीठ होतं. आबाजींना असं घर पाहून थोडी भीती वाटली.

तिने चहा ठेवला. दुकानातली लग्नं गेल्याचं राजेशने घरी सांगितलं होतं, आणि झहीरभाईंनी केलं असंही. तिला ते पटलं नव्हतं, म्हणाली, पण दुकानाच्या गोष्टीत ती पडत नसे. तिला कुणी काही विचारलंही नव्हतं.

आबाजी सरळ मुद्द्यावर गेले नाहीत. कारखान्यातल्या पूजेबद्दल विचारलं. रुचिता खुलली. खंडेनवमीला त्यांच्याकडे अर्धा दिवस असतो. सकाळी सगळ्या मशिनरीची सफाई, मग पूजा, मग पेढे आणि सुट्टी. पण पूजेआधी एक नियम कडक. गेल्या दसऱ्यापासून ज्याला कुणाचा हात लागला नाही ते सामान भंगारात निघालंच पाहिजे, आणि भंगार पूजेआधी आवाराबाहेर गेलंच पाहिजे. भंगाराचा ढीग आत ठेवून देवीला हळद लावलेली मॅनेजरला खपत नाही, आणि तिलाही.

“मग घरी आल्यावर इथली पूजा केली,” ती म्हणाली. “मिक्सरची, शिलाई मशिनची, लॅपटॉपची.”

“लॅपटॉपची आधी सफाई केली?”

“केली ना. त्या झेडखाली लाल पट्टी आली होती. भरत आलं की येते. मग तारखेने लावलं, गेल्या दसऱ्यापासून पडून होतं ते सगळं काढलं. पट्टी मस्त निळी झाली. कचरापेटीही लगेच रिकामी केली. भंगार घरात ठेवून पूजा करतात का, काका?”

“करत नाहीत,” आबाजींनी कबूल केलं. “तुमच्या लग्नाचे फोटो मात्र ठेवलेत.”

रुचिताने कप पुढे सरकवला. “तेही पडूनच होते म्हणा. पण स्टोअरला एखादं सामान असतं, वापरात नसतं आणि भंगारातही टाकवत नाही.”

“राजेशला विचारलंत?”

“कशाला? दुकानात आहेच ना सगळं. तेच म्हणाले होते, दुकानातलंच घरी पण दिसतं. तोच माल दोन ठिकाणी कशाला ठेवायचा?”

आबाजींनी चहा संपवला. नोकरीत असताना माणसाला त्याने काय केलं ते सांगायची वेळ आली की ते पत्र पाठवत. इथे पत्राची सोय नव्हती.

“ताई, माल दोन ठिकाणी नव्हता. माल एकाच ठिकाणी होता. त्याला दारं दोन होती.”

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईला यापुढे काही समजवावं लागत नाही. ती उभी राहिली. बशीतली बिस्किटं पुन्हा डब्यात भरली, डबा जागेवर ठेवला, झाकण घट्ट बसलंय का बघितलं.

“म्हणजे झहीरभाईंच्या नावावर जे चाललंय,” ती म्हणाली, “ते माझं काम आहे.”

आणि तिने पायात चपला घातल्या.

६

भिसेगावात पोहोचल्यावर रुचिता स्टुडिओत गेली नाही. आधी समोरच्या चहाच्या टपरीवर गेली, कारण आळीचं मत तिथे तयार होतं. लग्नं मी पुसली, ती म्हणाली, घरच्या लॅपटॉपवरून, चुकून. झहीरभाईंचा काही संबंध नाही. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी पुन्हा म्हणाली. स्टोअरमध्ये माल कमी भरला तर जसं सांगतात, तसं सांगितलं, रडली वगैरे नाही. मग रस्ता ओलांडून आत आली.

राजेशला आतूनच सगळं ऐकू आलं होतं. तो काउंटरवरची धूळ पुसत होता. तिथे धूळ नव्हती.

“तू मला सांगितलंस तसंच मी समजले,” रुचिता म्हणाली.

“मला तसंच वाटत होतं,” राजेश म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून आळीत कुणी याआधी ऐकलं नव्हतं. त्याची मतं असत, त्याला वाटत कधी नसे.

दोषी सापडला होता, पण चंद्राबाईंचा आवाज सापडला नव्हता. त्या निरोप मिळताच रिक्षाने आल्या होत्या आणि स्टुलावर बसून सगळ्यांची तोंडं पाहत होत्या. आबाजींनी रुद्रला बोलावून घेतलं आणि विचारलं, भंगारवाला माल नेल्यावर लगेच वितळवतो का. नाही, रुद्र म्हणाला, आधी वखारीत टाकतो. मग या परदेशी कंपनीची वखार नसेल? महिन्याचं भाडं घेणारा माणूस गिऱ्हाइकाचा माल एका झटक्यात फेकून देत नाही, गिऱ्हाईक बोंब मारत परत येतं, हे आबाजी विम्यात शिकले होते.

रुद्रने कपाळाला हात लावला. आहे की. लॅपटॉपवरची कचरापेटी रिकामी केली तरी कंपनीकडे टाकलेला माल काही आठवडे पडून असतो. पण झेडमधून तो दिसत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन खातेदाराने स्वतःच्या पासवर्डने उघडावं लागतं.

“मग उघड,” राजेश म्हणाला.

“खातं झहीरभाईंच्या नावावर हाय. तुमचा पासवर्ड तुमच्या कधी ध्यानात राहिलाय का, भाऊ?”

झहीर आदल्या संध्याकाळपासून दुकानात आला नव्हता. राजेशने मोबाइल काढला आणि आबाजींसमोर धरला. आबाजी पेपर वाचू लागले. मग कामरानसमोर धरला. कामरानला काहीतरी आठवलं आणि तो मागच्या खोलीत गेला. रुचिताकडे राजेशने बघितलंच नाही.

“ये,” शेवटी तो फोनवर म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही. तुझं काही नाही. माझंच चुकलं. ये तू.”

झहीर आला. संगणकापुढे बसला. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवली आणि फोटोच्या पडद्यावरचे बर्फाचे डोंगर बघत राहिले. चंद्राबाईंनी तेवढी पाठ फिरवली नाही. त्यांना वाचता येत नव्हतं आणि मानही दुखत होती.

लग्नं परत येऊ लागली. एकेक फोल्डर झेडमध्ये उगवत होता. कामरानची धुरात रडणारी नवरी आली. मग धवले आले, आणि झहीरने ते लावले.

अंगणातला आवाज होता. मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती. चंद्राबाईंनी डोळे मिटून सगळा पहिला धवला ऐकला. हळदीच्या कडव्याला त्यांची बोटं मांडीवर चालत होती.

“चांगली म्हणत व्हती ही बया,” त्या म्हणाल्या. “दे रं भरून. कोंबडी ऱ्हाऊ दे तशीच. आमचीच हाय.”

त्या गेल्यावर राजेश झहीरच्या शेजारी येऊन उभा राहिला. आळीपुढे पानं न देता जे केलं होतं ते आळीपुढे बोलूनच पुसलं पाहिजे हे त्याला कळत होतं. तो दारात गेला आणि टपरीच्या दिशेने मोठ्याने म्हणाला की मी याच्याबद्दल जे समजलो ते चूक होतं, आणि कुणी पुन्हा बोललं तर माझ्याशी गाठ आहे. धमकीवजा होतं, पण राजेशकडून माफी अशीच मिळणार होती. मग आत आला.

“झालं ना सगळं नीट? मग तो गाळ्याचा विषय सोड आता.”

“गाळा घेतला,” झहीर म्हणाला. “येता येताच फोन केला त्याला.”

“आता कशाला जातोस? आता तर मिटलं.”

“मिटलं म्हणूनच. काल जाता येत नव्हतं.”

राजेश पुन्हा काउंटर पुसू लागला. रुचिता उठली आणि तिने मागच्या खोलीतून रिकामी खोकी आणायला सुरुवात केली, कारण काही न्यायचं असेल तर ते नीट भरलेलं असावं. कॅमेरे कुणाचे कुठले याबद्दल दुमत नव्हतं. पडदे निम्मे निम्मे झाले. बर्फाचे डोंगर झहीरने मागितले नाहीत आणि राजेशने देऊ केले, ते दोघांनाही अवघड गेलं. झेड मात्र वाटता येईना. रुद्र म्हणाला वाटायचं कशाला, खोपोलीच्या गाळ्यात तिसरं दार काढून देतो, फक्त काही टाकायच्या आधी एकमेकांना फोन करत जा.

मग मोठ्या छत्रीवाल्या दिव्यावर गाडं अडलं. राजेशच्या मते तो त्याने आणला होता. झहीरच्या मते राजेश नुसता दुकानात सोबत आला होता आणि बाहेर वडापाव खात उभा होता. राजेश म्हणाला वडापाव झहीरने खाल्ला. आवाज चढले. टपरीवरची माणसं वळून बघू लागली, आणि पाहिल्यावर पुन्हा आपापल्या चहाकडे वळली.

आबाजींनी पेपरची घडी घातली. या प्रकरणात दोघेही आपापल्या परीने खरं बोलत होते, त्यामुळे त्यांच्यासाठी इथे काही काम उरलं नव्हतं.